आधी फूटपट्टी, मग गिअरबॉक्स

प्रश्न: दादा, आम्ही जुळे सोलापुरात राहतो. मी शिक्षिका आहे. आमच्याकडे २०१४ ची पेट्रोल वॅगन आर आहे, ७८ हजार किलोमीटर झालेत. रोज शाळेला मी नेते, रविवारी आमचे हे मोहोळजवळच्या शेतावर नेतात. दोन महिन्यांपूर्वी गिअर कडक पडायला लागले, रिव्हर्स तर कर्रकन वाजूनच पडायचा. घराजवळच्या मेकॅनिकने क्लचची केबल टाइट करून दिली, गिअर सुधारले. पण मागच्या आठवड्यात तुळजापूरच्या घाटात अॅक्सिलरेटर दाबला की इंजिन नुसतं ओरडायचं, गाडी काही पुढे ओढेना. वर पोचलो तर जळका वास. तोच मेकॅनिक आता म्हणतो, "प्लेट गेली मॅडम, ५,८०० मध्ये नवीन टाकून देतो." दुसऱ्या गॅरेजने १४,००० सांगितले, त्यात पूर्ण सेट, केबल, ऑइल सील, गिअर ऑइल आणि नवीन फ्लायव्हील. ह्यांचं म्हणणं, तुझ्या पायानेच क्लच गेला. मुलाला अठरा पूर्ण झालीत, त्याला याच गाडीवर शिकवायचंय. नवरात्रात परत तुळजापूरला जायचंय. एवढा खर्च करावा, की गाडी विकून ऑटोमॅटिक घ्यावी, म्हणजे क्लचची कटकटच नको?

— एक वाचक भगिनी, जुळे सोलापूर

ताई,

तुमच्या पत्रातलं एक वाक्य वाचलं आणि मी दोन्ही गॅरेजचे आकडे बाजूला ठेवले. दोन महिन्यांपूर्वी केबल टाइट केली, हे ते वाक्य. प्लेट गेली असेलही. ७८ हजारांवर क्लच जाणं यात नवल काहीच नाही. कुणाचा पन्नास हजारांत जातो, कुणाचा दीड लाख ओलांडतो. पण केबल गरजेपेक्षा जास्त ओढली गेली, तर धडधाकट प्लेटसुद्धा घाटात अशीच घसरते. ते तपासायला एक पैसा लागत नाही. तुमच्या पर्समध्ये फूटपट्टी असेलच, ती पुरे.

आत काय चालतं ते थोडक्यात सांगतो, म्हणजे गॅरेजमध्ये बोलताना कुणी गोंधळवणार नाही. इंजिनच्या मागे फ्लायव्हील नावाची जड चकती फिरते. तिला लागून क्लच प्लेट असते, आणि तिच्यावर प्रेशर प्लेट आपल्या स्प्रिंगच्या जोरावर दाबून बसलेली असते. पाय पेडलवर नसतो तेव्हा ही तिन्ही एकजीव होऊन फिरतात आणि इंजिनचा जोर गिअरबॉक्समध्ये जातो. पेडल दाबलं की केबल फोर्क ओढते, फोर्क रिलीज बेअरिंगला ढकलतो, बेअरिंग प्रेशर प्लेटच्या मधल्या पोलादी फिंगर दाबतं आणि प्लेट मोकळी होते. झालं, एवढंच यंत्र आहे. दाब कमी पडला की पिठाच्या गिरणीचा पट्टा सैल झाल्यावर जे होतं तेच इथे होतं. मोटर फिरते, जातं फिरत नाही.

आता केबलचं. पेडल वर असताना बेअरिंगने त्या फिंगरवर जोर द्यायचा नसतो, म्हणून पेडलला सुरुवातीला थोडी मोकळी चाल ठेवलेली असते. मेकॅनिक तिला 'प्ले' म्हणतात. प्ले शून्य झाला म्हणजे तुम्ही पाय ठेवलेला नसतानाही क्लच किंचित दाबलेलाच राहतो. शहरात ते कळत नाही. घाटात चार माणसं, सामान, एसी आणि चढ असा सगळा भार आला की प्लेट घसरते, तापते आणि वास सुटतो.

लोक इथे नेमकं उलटं धरून चालतात. त्यांना वाटतं, प्लेट झिजली की पेडल सैल होतं, म्हणून केबल ओढायची. केबलच्या क्लचमध्ये प्लेट जसजशी झिजते तसतशी प्रेशर प्लेट फ्लायव्हीलकडे सरकते आणि तिच्या फिंगर बाहेर, बेअरिंगच्या दिशेने येतात. म्हणजे झिजेने प्ले कमी होतो. वाढतो तो केबल ताणल्यामुळे, आणि मग क्लच पुरता सुटत नाही, गिअर वाजतात. तुमचा रिव्हर्स कर्रकन वाजत होता तेव्हा केबल टाइट करणं बरोबरच होतं, मेकॅनिकला मी दोष देणार नाही. प्रश्न आहे तो किती टाइट केली याचा. आणि हे ध्यानात ठेवा, क्लच घसरतोय म्हणून कुणी केबल आणखी टाइट करायला निघाला, तर त्याला हात जोडून थांबवा.

तर सकाळी गाडी थंड असताना, इंजिन बंद ठेवून ड्रायव्हर सीटच्या बाजूला दार उघडून उकिडवं बसा. पट्टी क्लच पेडलच्या बाजूला गाडीच्या आतल्या तळावर टेकवून उभी धरा. पायाने नाही, हाताच्या दोन बोटांनी पेडल अलगद दाबत जा. पहिला थोडा भाग अगदी हलका जाईल, मग एका जागी हाताला जोर लागायला सुरुवात होईल. वरपासून त्या जागेपर्यंतचं अंतर म्हणजे प्ले. छोट्या गाड्यांत तो साधारण एक-दोन सेंटिमीटरच्या घरात असतो. तुमच्या मॉडेलचा नेमका आकडा डॅशबोर्डच्या कप्प्यात पडलेल्या पुस्तिकेत बघा. पेडलला हात लावताक्षणी जोर लागायला लागला, तर चोर सापडला असं समजा. केबलच्या गिअरबॉक्सकडच्या टोकाला अॅडजस्टिंग नट असतो, ते दहा मिनिटांचं काम आहे. नट सोडवून प्ले पुस्तिकेप्रमाणे करून घ्या.

नट सोडवला आणि गिअर पुन्हा वाजायला लागले, म्हणजे एका टोकाला घसरतो आणि दुसऱ्या टोकाला सुटत नाही अशी अवस्था झाली, तर आधी केबल नवीन टाका. दहा वर्षांची केबल आतून गंजलेली, तारा तुटत आलेली असते. बहुतेकांचं पेडल जड होतं ते तिच्यामुळेच. काहीशे रुपयांची वस्तू आहे, तिच्यासाठी गिअरबॉक्स उतरवावा लागत नाही.

प्ले नीट झाल्यावर रस्त्यावर एक चाचणी घ्या. विजापूर रोडला शहराबाहेर, पहाटे रस्ता मोकळा असताना, सपाट जागी चौथ्या गिअरमध्ये ताशी ४० च्या वेगाला या आणि अॅक्सिलरेटर पूर्ण दाबा. क्लच ठीक असेल तर इंजिन कुरकुरत, जड आवाजात, हळूहळू वेग घेईल. तीन सिलिंडरचं हजार सीसी इंजिन आहे ते, त्याच्याकडून झेप येणार नाही आणि यायलाही नको. पण आवाज एकदम चढला आणि वेगाचा काटा जागेवरच राहिला, तर क्लच घसरतोय. ही चाचणी एकदाच करा, फार तर दोनदा. कौतुकाने प्रत्येकाला करून दाखवलीत तर उरलीसुरली प्लेट तिथेच संपेल. गॅरेजमध्ये दुसरी एक पद्धत आहे: हँडब्रेक ओढून, तिसऱ्या गिअरमध्ये क्लच सोडायचा, इंजिन बंद पडलं तर पकड आहे, चालूच राहिलं तर प्लेट गेली. समोर भिंत आणि माणूस नसलेली जागा बघून करतात ती. तुम्ही घरी करू नका.

या चाचणीत गाडी पास झाली तर खर्च इथेच थांबला. घाटात तापल्यामुळे प्लेटच्या अस्तरावर चकाकी चढली असू शकते, म्हणून महिनाभर लक्ष ठेवा. नापास झाली तर मात्र चालढकल करू नका. घसरती प्लेट वापरत राहिलं की अस्तर धरून ठेवणाऱ्या रिव्हेट उघड्या पडतात आणि फ्लायव्हील खरवडतात, मग जे काम मशीनवर घासून भागलं असतं तिथे खरंच नवीन फ्लायव्हील घ्यावं लागतं.

आता त्या दोन आकड्यांकडे वळू.

क्लचच्या कामात खरा खर्च आत पोचण्याचा असतो. तुमच्या गाडीत गिअर ऑइल काढायचं, पुढच्या दोन्ही चाकांचे ड्राइव्ह शाफ्ट ओढायचे, बॅटरी, स्टार्टर, केबली सोडायच्या, इंजिनला खालून आधार द्यायचा, मग गिअरबॉक्स बाजूला घ्यायचा. तिथे पोचल्यावर प्लेट बदलायला फारसा वेळ लागत नाही. म्हणून ५,८०० मध्ये नुसती प्लेट, हा सौदा मला पटत नाही. प्रेशर प्लेटची स्प्रिंगही तेवढीच किलोमीटर दबून आलेली असते. रिलीज बेअरिंगमधलं ग्रीस वाळलेलं असतं. वर्षा-दीड वर्षाने पेडल दाबलं की आतून किर्र आवाज यायला लागेल आणि एका बेअरिंगसाठी पूर्ण मजुरीच्या कामाला परत बसावं लागेल. प्लेट, प्रेशर प्लेट आणि बेअरिंग हे तिन्ही एकत्र सेट म्हणून मिळतं, तसंच घ्या. कंपनीचा ओरिजिनल घ्या, नाहीतर व्हॅलिओ, लुक, एक्सेडी यांपैकी तुमच्या मॉडेलचा. ही मंडळी गाड्यांच्या कंपन्यांनाही क्लच पुरवतात. दुकानदार "तसाच आहे, अर्ध्या किमतीत" म्हणाला तर तो त्याच्याकडेच राहू द्या. सेटचा खोका तुमच्यासमोर फोडायला सांगा आणि बिलावर पार्ट नंबर लिहून घ्या.

१४,००० च्या यादीत बाकी सगळं रास्त आहे, एक नाव खटकतं. नवीन फ्लायव्हील. गिअरबॉक्स उतरवल्याशिवाय फ्लायव्हीलचा तोंडवळा दिसत नाही. मग न बघता ते बदलायचं कसं ठरलं? त्यांना एवढंच विचारा, शांतपणे. फ्लायव्हीलवर निळसर डाग, बारीक भेगा किंवा नखाला लागतील अशा चरी आहेत का ते उघडल्यावर बघायचं. डाग आणि हलक्या चरी असतील तर लेथवर फेसिंग करून, म्हणजे तोंड घासून सपाट करून भागतं, सोलापुरात यंत्रमागांच्या आणि शेतीच्या कामामुळे चांगल्या लेथवाल्यांची वानवा नाही. खोल भेगा दिसल्या तरच नवीन. (काही डिझेल गाड्यांत दोन तुकड्यांचं, आत स्प्रिंग असलेलं ड्युअल मास फ्लायव्हील येतं. ते घासत नाहीत आणि महाग असतं. तुमच्या गाडीला तो प्रश्न नाही.)

ऑइल सीलबद्दल मेकॅनिकांत दोन पंथ आहेत. क्रँकच्या मागचं सील कोरडं असेल तर त्याला हात लावू नये, असं म्हणणारे अनुभवी लोक मला माहीत आहेत आणि त्यांचं म्हणणं उगाच नाही, वाकडं बसवलेलं नवीन सील जुन्यापेक्षा वाईट. तरी दहा वर्षांहून जुन्या गाडीत, आणि फेसिंगसाठी फ्लायव्हील निघणारच असेल तर, मी ते बदला म्हणेन. सील गळालं तर तेल थेट नव्या प्लेटवर येतं, आणि तेल लागलेली प्लेट धुऊन-घासून पुन्हा पकडत नाही, फेकावीच लागते. गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं सील आणि ड्राइव्ह शाफ्टची दोन सीलं यांवर दुमत नाही, बदला. गिअर ऑइल पुस्तिकेतल्या ग्रेडचं, नवीन.

तेव्हा दुसऱ्या गॅरेजला फ्लायव्हील वगळून, फेसिंग धरून नवा आकडा मागा. पहिल्या मेकॅनिकलाही तीच यादी द्या आणि त्याचा आकडा घ्या. कदाचित तो तुमच्या घराजवळचाच पुन्हा स्वस्त पडेल. मला त्याच्या हाताबद्दल शंका नाही, मला त्या 'नुसती प्लेट'बद्दल आहे.

गाडी टाकायला जाल त्या दिवशी जमलं तर गिअरबॉक्स उतरायच्या वेळेला अर्धा तास तिथे जा. मेकॅनिकच्या डोक्यावर उभं राहून शिकवू नका, चहा घ्या आणि जुने सुटे भाग बघायला मागा. जुनी प्लेट हातात घ्या. अस्तराच्या पृष्ठभागापासून रिव्हेटची डोकी किती खोल आहेत ते नख घालून बघा. नव्या प्लेटशेजारी ठेवलं की फरक लगेच कळतो. जुनीत रिव्हेट अस्तराच्या पातळीला आल्या असतील तर ती रीतसर झिजून संपली, तुम्ही पूर्ण पैसे वसूल केलेत. अस्तर भरपूर जाड आहे पण काळं, काचेसारखं चकचकीत आहे, तर ती झिजली नाही, जळाली. तेलकट आणि ओलसर दिसली तर दोषी सील आहे, आणि ते न बदलता नवी प्लेट बसवणं म्हणजे पैसे पाण्यात. प्रेशर प्लेटच्या फिंगरची टोकं बघा, बेअरिंग जिथे टेकतं तिथे खोलगट चकचकीत खाच पडली असेल तर बेअरिंग कायम टेकून फिरत होतं, म्हणजे प्ले नव्हता किंवा कुणाचा तरी पाय पेडलवरच असतो. तुमच्या घरातल्या वादाचा निकाल बराचसा तिथे लागेल.

बसवताना चांगला मेकॅनिक काय करतो, तेही सांगतो. गिअरबॉक्सच्या तोंडाशी क्लच झाकणारी घंटीच्या आकाराची खोळ असते, तिच्यातली काळी धूळ तो हवेच्या पाइपने उडवत नाही, ओल्या फडक्याने पुसतो, कारण क्लचची धूळ फुप्फुसात जाणं बरं नव्हे. नव्या प्रेशर प्लेटवर गंज चढू नये म्हणून तेलाचा पातळ थर असतो, तो क्लीनरने पुसून काढतो आणि मग तेलकट हाताने अस्तराला शिवत नाही. प्लेटची कुठली बाजू फ्लायव्हीलकडे हे बघून लावतो. प्लेट बरोबर मध्यावर राहावी म्हणून जुना इनपुट शाफ्ट किंवा डमी शाफ्ट घालतो आणि प्रेशर प्लेटचे बोल्ट एका बाजूने पिळत न जाता समोरासमोरचे थोडे थोडे आवळतो, शेवटी टॉर्क रेंच लावतो. शाफ्टच्या दात्यांवर ग्रीस लावतो ते बोटावर घेतलेलं, पुसटसं. जास्त लावलं की ते फिरताना उडून प्लेटवर बसतं. आणि सर्वांत महत्त्वाचं, गिअरबॉक्स चढवताना त्याचं वजन अर्धवट शाफ्टवर लटकत ठेवत नाही. त्याने प्लेटचा मधला भाग वाकतो, मग नवा क्लच पहिल्या दिवसापासून थरथरतो आणि सगळे फ्लायव्हीलला शिव्या देतात.

गाडी परत घेताना स्वतः चालवून बघा. रिव्हर्स न वाजता पडला पाहिजे. पेडल सोडताना गाडी साधारण मधल्या टप्प्यात पकडली पाहिजे, थरथर नको. रात्री गाडीखाली जुनं वर्तमानपत्र पसरून ठेवा, सकाळी त्यावर तेलाचा थेंब दिसला तर त्याच दिवशी परत न्या. पहिले चार-पाचशे किलोमीटर नवा क्लच सांभाळून वापरा, घाट नको, दुसरी गाडी ओढणं नको, सिग्नलवरून झेपा नकोत. अस्तर आणि फ्लायव्हील एकमेकांना रुळायला तेवढा वेळ लागतो. नवरात्र तोंडावर आलंय हे लक्षात घेऊन काम आत्ताच करून घ्या, आदल्या दिवशी गाडी बाहेर काढून थेट घाटात घालू नका.

आता तुमच्या ह्यांच्या आरोपाबद्दल. एकट्या तुमच्या पायाने क्लच गेला, हे मी मान्य करणार नाही. जुळे सोलापुरातून शाळेला जायचं म्हणजे आसरा पुलावरची रांग, रिक्षा आडव्या, मध्येच बस. तिथे प्लेट झिजते, खरं आहे. पण शेतातल्या रस्त्याचं काय? मोहोळकडची काळी माती पावसात गाडी गिळते. चाक रुतलं की माणूस पहिल्या गिअरमध्ये टाकतो, इंजिन वाढवतो आणि हाफ क्लचवर पुढे-मागे, पुढे-मागे झुलवत राहतो. वर्षभर शहरात होणार नाही एवढी झीज त्या एका खेळात होते. त्यांना विचारा, या पावसाळ्यात गाडी किती वेळा रुतली. रुतलीच तर चाकाखाली गोणपाट, उसाचं पाचट, मिळेल ते घालावं, टायरची हवा थोडी कमी करावी, शेजाऱ्याचा ट्रॅक्टर बोलवावा. क्लचने गाडी चिखलातून काढायची नसते.

दुसरी जागा उसाच्या हंगामातली. दोन-दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर पुढे, ओव्हरटेकला जागा नाही, आणि गाडी दुसऱ्या गिअरमध्ये हाफ क्लचवर रांगतेय. तिथे एक तर सरळ पहिला टाका आणि पाय पेडलवरून पूर्ण काढा, नाहीतर थोडं अंतर सोडून थांबत थांबत जा. मागचा हॉर्न वाजवेल. वाजवू दे.

आणि तुम्हा दोघांसाठीही, क्लच वापरून झाला की डावा पाय पेडलवर टेकवून ठेवायचा नाही, बाजूला जमिनीवर. सिग्नलला न्यूट्रल. चढावर गाडी क्लचवर तोलून धरायची नाही, त्यासाठी हँडब्रेक दिलाय. दुसऱ्या गिअरमध्ये गाडी उचलायची सवय पुष्कळांना असते, गाडी आधीच सरकत असेल तर ठीक, उभ्या गाडीला नाही. घाट उतरताना ज्या गिअरमध्ये चढलात साधारण त्याच गिअरमध्ये उतरा, क्लच दाबून घरंगळत येऊ नका. त्यात पेट्रोलही वाचत नाही आणि ब्रेक तापतात.

सोलापूरच्या उन्हाने क्लच जळतो, असंही आपल्याकडे सर्रास ऐकू येतं. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४२-४३ ला जातो खरा, पण घसरणारी प्लेट स्वतःच दोनशे अंशांच्या पुढे तापते. बाहेर ४३ असो की २५, तिला त्याचं फारसं सोयरसुतक नसतं. ऊन बिचारं फुकट बदनाम आहे. ज्यांच्या गाडीत केबलऐवजी हायड्रॉलिक क्लच आहे, त्यांनी मात्र फ्लुइड दर दोन वर्षांनी बदलावं, ते हवेतला ओलावा शोषून घेतं. अशा गाडीत पेडल वर यायला आळस करायला लागलं तर आधी सिलिंडरची गळती बघावी, गिअरबॉक्स नंतर.

मुलाचं शिकणं. शिकाऊ लायसन्स काढून सुरुवात ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीवर करू दे, त्यांच्या क्लचला सवय असते. तुमच्या घसरत्या क्लचवर शिकला तर पकड कुठे येते हेच त्याच्या पायाला चुकीचं कळेल, आणि नव्या क्लचवर पहिल्याच आठवड्यात शिकला तर तुमचा जीव वर-खाली होईल. नवा क्लच रुळल्यावर त्याला चढावर उचलायला शिकवा. हँडब्रेक ओढलेला, पहिला गिअर, पेडल हळूहळू वर सोडायचं, गाडीचं नाक किंचित वर येतं आणि इंजिनचा आवाज जरासा खाली बसतो, तिथे पाय थांबवायचा. मग थोडा अॅक्सिलरेटर आणि हँडब्रेक सोडायचा. गाडी मागे जात नाही, इंजिन ओरडत नाही, वास येत नाही. एवढं जमलं की आसरा पूल त्याच्या ताब्यात देऊन तुम्ही शेजारी बसा.

तुळजापूरच्या रस्त्यात क्लचने पूर्ण हात टेकलेच, केबल तुटली किंवा गाडी जागची हलेना, तर घाटात कसरती करू नका. गाडी कडेला घ्या, इंडिकेटर लावा, माणसं रस्त्यापासून बाजूला उभी करा आणि १०३३ ला फोन करा. तो राष्ट्रीय महामार्गाचा मदत क्रमांक आहे आणि सोलापूर-तुळजापूर रस्ता त्यात येतो.

शेवटचा प्रश्न ऑटोमॅटिकचा. तुमच्या बजेटमध्ये जी ऑटोमॅटिक बसेल ती बहुधा एएमटी असेल, मारुतीने २०१४ मध्ये सेलेरिओत आणली ती जात. तिच्यात क्लच पेडल नसतं, पण क्लच असतो. तीच प्लेट, तीच प्रेशर प्लेट, पायाऐवजी अॅक्च्युएटर नावाची आपोआप चालणारी यंत्रणा दाबते. पुलाच्या चढावर ब्रेक न दाबता नुसत्या अॅक्सिलरेटरवर गाडी तोलून धरलीत तर ती प्लेटही जळते, आणि त्यावेळी बिलात अॅक्च्युएटरची तपासणी आणि कॉम्प्युटरवरचं सेटिंगही येतं. गुडघे दुखतात, रोज तासभर ट्रॅफिक आहे, म्हणून ऑटोमॅटिक हवी असेल तर जरूर घ्या. क्लचचा खर्च टाळायला म्हणून घेत असाल, तर त्याआधी फूटपट्टी घेऊन एकदा पेडलशेजारी बसा.